कामगारांची रुग्णालये आणि बदललेला कामगार

मुंबईने आपले कारखाने कोठे वसविले होते हे पुढच्या पिढीला शोधून काढावयाचे झाले, तर तिने जुने नकाशे चाळण्याचे कष्ट घेऊ नयेत. कामगार विमा योजनेची रुग्णालये कोठे आहेत तेवढे पाहावे. परळ आणि वरळी येथील रुग्णालये कापडगिरण्यांच्या सावलीत उभी राहिली. अंधेरी, कांदिवली व मुलुंड येथील रुग्णालये उपनगरांत पसरत गेलेल्या अभियांत्रिकी, औषधी आणि रासायनिक कारखान्यांच्या पाठोपाठ आली. गिरण्यांच्या जागी आता मनोरे आहेत. कारखान्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि निवासी संकुले आहेत. रुग्णालयांच्या इमारती तेवढ्या जागच्या जागी राहिल्या. ज्या कामगारासाठी त्या बांधल्या तो कामगारच उरला नाही, मग त्या कशासाठी ठेवावयाच्या, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. प्रश्न वरवर पाहता व्यवहारी वाटतो. तथापि तो ज्या गृहीतावर उभा आहे ते तपासून पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देणे धोक्याचे ठरेल.

या रुग्णालयांची जातकुळी मुंबईतील अन्य रुग्णालयांहून वेगळी आहे. या शहरातील रुग्णसेवेची परंपरा मुख्यतः दानाची. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये भायखळ्याचे रुग्णालय उभे राहिले आणि तेव्हापासून रुग्णालय म्हटले की प्रवेशद्वारावर दात्याचे नाव असावयाचे, हे जणू ठरून गेले. उपनगरांतही तेच. विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अग्रवाल ही महापालिकेची रुग्णालये असली तरी दात्यांची नावे मिरवतात. घाटकोपरच्या ज्या रुग्णालयाला सारे राजावाडी म्हणतात त्याच्या अधिकृत नावातही दोन शेठजी आहेत. दानशूरतेविषयी आदर बाळगूनही एवढे म्हणता येईल की, दानाच्या दवाखान्यात रुग्ण हा उपकृत असतो. मरोळच्या रुग्णालयाच्या नावात कोणताही शेठजी नाही. त्याचे नाव ‘कामगार रुग्णालय’. हे नाव दिसावयास साधे आहे. परंतु त्यात एक मोठा हिशेब सामावलेला आहे. येथे देणगीदार एक नव्हता, लक्षावधी होते, आणि त्यांची देणगी दर महिन्याच्या पगारातून आधीच कापून घेतली जात होती.

हा हिशेब ज्यांनी मांडला ते प्रा. बी. पी. आडारकर हे अर्थशास्त्रज्ञ. औद्योगिक कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची शिफारस व्हिटली आयोगाने १९३१ मध्येच केली होती. पण शिफारशी कपाटात राहण्याची आपल्याकडील रीत ब्रिटिश आमदानीतही वेगळी नव्हती. १९४३ मध्ये आडारकरांवर योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी दुसऱ्या वर्षी तो तपासला, आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा प्रारंभ झाला. मुंबईत ती १९५४ मध्ये आली.

आडारकरांनी आपली योजना प्रारंभी कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू अशा तीनच उद्योगांपुरती आखली होती. त्या काळाच्या मानाने हे योग्यच होते. कारखाना हे एक स्थिर ठिकाण होते. हजेरीपट, पगारपत्रक आणि भोंगा होता. वर्गणी कोणाकडून घ्यावयाची आणि सेवा कोणाला द्यावयाची, याविषयी संदिग्धता नव्हती. पुढे योजनेचा विस्तार झाला तरी तिच्या कल्पनेतील कामगार हा बराच काळ कारखान्याच्या दरवाज्यातून आत जाणारा, एका मालकाकडे वर्षानुवर्षे राबणारा असाच राहिला. इमारतीही त्याच कल्पनेने बांधल्या गेल्या. मोठी आवारे, लांबलचक वॉर्ड, प्रशस्त व्हरांडे आणि शेकडो खाटा अशी त्यांची रचना होती. पत्र्याच्या कारखान्यातील प्रेसखाली बोटे गेलेला तरुण, गिरणीच्या कापूसधुळीने छाती भरून आलेला जॉबर, चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत घरभर खोकला पसरू नये म्हणून दाखल झालेला क्षयरोगी, हे तेथील रुग्ण. कापूसधुळीने होणारा फुप्फुसाचा विकार कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला, आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात नेहमीच्या ९१ दिवसांपलीकडे वेतनभत्ता देण्याची तरतूद झाली. आजारी पडल्यावर पगाराचा काही भाग घरी येतो, ही गोष्ट आज कोणाला क्षुल्लक वाटेल. ज्यांच्या वडिलांनी सावकाराकडे भांडी गहाण ठेवून औषधपाणी केले होते त्या कामगारांना ती क्षुल्लक वाटली नाही.

योजनेत दोषही होते आणि ते कामगारांच्याच बोलण्यात असत. मुंबईत बाह्यरुग्ण सेवेसाठी खासगी डॉक्टरांना नेमून त्यांना माणशी ठरावीक रक्कम देण्याची, म्हणजे पॅनल डॉक्टरांची, पद्धत स्वीकारली गेली. माणशी रक्कम मिळत असल्याने नोंदणी वाढविण्यात डॉक्टराचे हित होते, तपासण्यात वेळ घालविण्यात नव्हते. रंगीत पाण्याची बाटली आणि आजारपणाचा दाखला, एवढ्यावर अनेकांचा विमा संपत असे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रलोभनांच्या रचनेचा धडा शिकवावयाचा तर याहून चांगले उदाहरण सापडणार नाही! परंतु दवाखान्यात असमाधानी असलेला कामगारही शस्त्रक्रियेची किंवा बाळंतपणाची वेळ आली म्हणजे कामगार रुग्णालयात जात असे आणि तेथे खाट मागताना हात जोडीत नसे. कार्ड दाखवीत असे.

ही रुग्णालये खालावली कशी, याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मूळचे घाटकोपरचे डॉक्टर. खाणीतील मजुरांवर उपचार करता करता ते त्यांच्या संघटनेकडे वळले, हा योगायोग या विषयाच्या संदर्भात मुद्दाम नोंदविण्याजोगा आहे. संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या. उपनगरांतील पडझड मात्र तेवढ्या गाजावाजाने झाली नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एकेकाळी कारखान्यांची रांग होती. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपला जीकेडब्ल्यू आणि एशियन पेंट्स, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन ही नावे बसच्या थांब्याइतकी परिचित होती. नव्वदीनंतर कुठे स्वेच्छानिवृत्ती, कुठे टाळेबंदी, कुठे दुसऱ्या राज्यात स्थलांतर अशा वाटांनी ती रांग विरळ होत गेली. जमिनीचा भाव उत्पादनाच्या नफ्याहून अधिक झाला की कारखाना मालकाला कारखाना चालविणे परवडत नाही. त्यासाठी कामगाराने संप करण्याचीही गरज पडत नाही.

दुसरे कारण कमी ठाऊक आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. कायद्याने वैद्यकीय सेवा देण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. खर्चाचा सात अष्टमांश भाग केंद्राच्या अखत्यारीतील महामंडळाने आणि एक अष्टमांश राज्याने सोसावयाचा, अशी वाटणी ठरली. म्हणजे इमारत उभारावयाची महामंडळाच्या निधीतून, डॉक्टर आणि परिचारिका नेमावयाच्या राज्याने, औषधखरेदी राज्याच्या नियमांनी आणि खर्चाला मर्यादा महामंडळाची. मुंबईकराला ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. भाडेनियंत्रण कायद्याखालील चाळींत त्याने ती पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. मालक म्हणतो, भाडे एवढे तुटपुंजे, दुरुस्ती मी का करू? भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नव्हे, पैसा मी का घालू? मधल्या काळात जिन्याच्या पायऱ्या झिजत राहतात. कामगार रुग्णालयांचे नेमके हेच झाले. पदे रिकामी राहिली, यंत्रे बंद पडली, शस्त्रक्रियागृहे कुलूपबंद झाली. मग रुग्ण येईनासे झाले. आणि रुग्ण येत नाहीत म्हणून पदे भरण्याचे कारण नाही, असा शेरा फायलीवर पडला. रिकाम्या खाटा हे दुरवस्थेचे कार्य होते. पुढे तेच दुरवस्थेचे समर्थन बनले.

आता मूळ गृहीताकडे वळावे. कारखाने गेले म्हणून कामगार गेला, असे म्हणता येते काय? मरोळचाच दाखला घ्यावा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि मरोळला औद्योगिक वसाहत वसली. तिच्या शेजारी १९७३ मध्ये सीप्झचे निर्यातक्षेत्र सुरू झाले. तेथे आधी इलेक्ट्रॉनिक्स, मग जडजवाहीर, पुढे संगणकप्रणाली अशी कामाची स्थित्यंतरे झाली. वसाहतीतील गाळ्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि हॉटेले आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा त्यात सीप्झ, एमआयडीसी आणि मरोळ नाका अशी तीन स्थानके या एवढ्याशा टापूत होती. रिकाम्या टापूसाठी कोणी भूगर्भ पोखरीत नाही. सकाळ-संध्याकाळ तेथून बाहेर पडणाऱ्या गर्दीत संगणकावर काम करणारे पुष्कळ असतात हे खरे. परंतु त्या काचेच्या इमारतींच्या दाराशी उभा असलेला रखवालदार, फरशी पुसणारी बाई, उपाहारगृहात भांडी घासणारा पोऱ्या, लिफ्ट चालविणारा, पार्सले वाहणारा, बिले टंकणारा कंत्राटी कारकून हे सारे कोण आहेत? त्यांच्यापैकी कित्येकांच्या पगारपत्रकात विम्याची कपात नोंदलेली असते. भोंगा बंद झाला एवढेच. वर्गणी बंद झालेली नाही.

वर्गणीदार नाहीसा झाला नाही, तो विखुरला. गिरणी कामगार एकत्र राहत होता, एकत्र सुटत होता आणि रुग्णालयात डॉक्टर नसला तर युनियनच्या माणसाला घेऊन अधीक्षकांच्या खोलीत शिरत होता. रखवालदाराचा मालक कंत्राटदार असतो, कंत्राट वर्षाचे असते आणि कामाची जागा सहा महिन्यांनी बदलते. आपल्या पगारातून नेमकी कशाची कपात होते हे त्यांतील अनेकांना ठाऊक नसते. कार्ड मिळालेले असले तरी कोणते रुग्णालय आपले, हे सांगणारे कोणी नसते. गाजावाजा करणारा वर्गणीदार गेला आणि मुका वर्गणीदार आला. विमा चालविणाऱ्या संस्थेला याहून सोयीचा ग्राहक कोणता?

त्यात वेतनमर्यादेचा घोळ. १९४८ मध्ये दरमहा ४०० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना कायदा लागू झाला. ही मर्यादा वेळोवेळी वाढली. १ जानेवारी २०१७ रोजी ती १५,००० वरून २१,००० रुपये झाली आणि त्यानंतर अनेक वर्षे तेथेच राहिली. महागाई मात्र थांबली नाही. मुंबईत ज्याचा पगार बावीस हजारांवर गेला त्याला श्रीमंत म्हणावयाचे धाडस कोणी करणार नाही. पण विम्याच्या लेखी तो स्वावलंबी ठरतो. निवृत्तीपर्यंत विमाधारक राहिलेल्याला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी उपचार चालू ठेवता येतात, ही चांगली तरतूद आहे. परंतु ज्याचा कारखाना त्याच्या चाळिशीत बंद पडला, त्याला ही वाट सहज खुली नव्हती. ऐन उमेदीतील, म्हणजे आजार कमी असण्याच्या वयातील, वर्गणी त्याने भरली. म्हातारपणी तो महापालिकेच्या रुग्णालयातील रांगेत उभा राहिला.

इमारतीच्या बदलत्या वापराचा इतिहास पाहताना मधला एक अध्याय विसरता येणार नाही. २००८ च्या सुमारास कर्मचारी राज्य विमा महामंडळाने देशभर वैद्यकीय महाविद्यालये काढण्याचा संकल्प सोडला. रुग्णालयांत डॉक्टर मिळत नाहीत, तर डॉक्टर आपणच घडवावेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु ज्या संस्थेला जुन्या वॉर्डाचे छत गळते ठेवावे लागत होते तिने संगमरवरी महाविद्यालये बांधावयास घ्यावीत, हा प्राधान्यक्रम विचित्र होता. महालेखापरीक्षकांनी या प्रकल्पांवर कठोर ताशेरे ओढले. २०१५ च्या सुरुवातीला महामंडळाने या क्षेत्रातून माघार घेण्याचे ठरविले, आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा त्याच वाटेला लागण्याचे ठरविले. रुग्णालय उपचारासाठी, की शिक्षणासाठी, की अतिविशेष सेवांसाठी, याविषयीचे धोरण बदलत गेले. आणि प्रत्येक धोरणाबरोबर इमारतीत नवी तोडफोड आणि नवे बांधकाम आले.

मरोळच्या कामगार रुग्णालयाच्या इमारतीत अशीच डागडुजी आणि विस्ताराचे काम चालू असताना १७ डिसेंबर २०१८ रोजी दुपारी आग लागली. पाच मजल्यांची इमारत धुराने भरून गेली. रुग्ण खिडक्यांतून मदतीसाठी ओरडत होते. काहींनी खाली उड्या टाकल्या. किमान ८ जणांचा बळी गेला, त्यांत एक तान्हे मूल होते. जखमींची आणि गुदमरलेल्यांची संख्या शंभरावर गेली. इमारतीला अग्निशमन यंत्रणेचे अंतिम ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते, ही गोष्ट आगीनंतर बाहेर आली. गोष्टी नेहमी नंतरच बाहेर येतात.

त्या दुपारची एक हकीकत वृत्तपत्रांत आली होती. घरोघर जेवण पोहोचविणारा एक वीस वर्षांचा तरुण दुचाकीवरून त्या रस्त्याने चालला होता. धूर पाहून तो थांबला, शिडीवरून वर चढला, आणि त्याने सुमारे दहा रुग्णांना खाली उतरण्यास मदत केली. शेवटी धुराने गुदमरून त्यालाच रुग्णालयात हलवावे लागले. त्याच्या धाडसाचे सर्वांनी कौतुक केले. ते योग्यच होते. पण एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या इमारतीतून त्याने विमाधारक कामगारांना बाहेर काढले, तेथे उपचार घेण्याचा हक्क त्याच्या धंद्यातील माणसांना कायद्याने नव्हता. कंपनीच्या लेखी तो ‘भागीदार’ होता, कर्मचारी नव्हता. भोंग्याच्या काळातील कायद्याला दुचाकीवरचा कामगार दिसत नव्हता.

या आगीनंतर अपेक्षा अशी होती की, जुन्या रुग्णालयांच्या इमारतींवर मुक्तहस्ते खर्च होईल. पैशाची वाण नव्हती. महामंडळाचे वार्षिक उत्पन्न खर्चाहून पुष्कळ अधिक राहत आले आहे आणि शिलकीची गुंतवणूक वाढत गेली आहे. प्रत्यक्षात घडले ते असे. आग लागून सात महिने पुरे होण्याच्या आत, १ जुलै २०१९ पासून, वर्गणीचे दर उतरविण्यात आले. १९९७ पासून चालत आलेली मालकाची ४.७५ टक्के वर्गणी ३.२५ टक्क्यांवर आणि कामगाराची १.७५ टक्के वर्गणी ०.७५ टक्क्यावर आली. एकूण साडेसहाचे चार टक्के झाले. यामुळे अधिक आस्थापना नोंदणीसाठी पुढे येतील, असे सांगण्यात आले. पंधरा हजार पगाराच्या रखवालदाराला यात महिन्याला १५० रुपये वाचले. त्याच्या मालकाला त्याच्यापोटी २२५ रुपये वाचले. मरोळचा आंतररुग्ण विभाग मात्र दीर्घकाळ बंद राहिला. अंधेरीच्या विमाधारकाला कांदिवली किंवा परळ गाठणे भाग पडले की आजारी बायकोसह एका रिक्षाफेरीत ही बचत संपते, आणि बुडालेला रोज वेगळा. ज्या निधीतून शिल्लक पडते तो निधी फायद्यात असतो, असा व्यापाराचा नियम आहे. विम्याच्या बाबतीत शिल्लक पडण्याचे आणखी एक कारण असू शकते: जे द्यावयाचे ते दिले गेले नाही.

मालकाची वर्गणी ही मालकाची असते, हा समजही येथे दूर केला पाहिजे. नोकर ठेवताना मालक एकूण खर्चाचा हिशेब करतो आणि वर्गणीचा भार कालांतराने वेतनातच जिरतो, हे अर्थशास्त्राचे बऱ्यापैकी मान्य झालेले मत आहे. त्या अर्थाने दोन्ही वर्गण्या कामगाराच्या पुढे ढकललेल्या वेतनाचाच भाग ठरतात. मुलुंडचे किंवा मरोळचे रुग्णालय हे सरकारने कामगारांसाठी बांधले असे म्हणण्यापेक्षा कामगारांनी सरकारकडून बांधून घेतले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. म्हणून त्या आवारांकडे ‘वापराविना पडलेली सरकारी जमीन’ म्हणून पाहण्याची दृष्टी केवळ असंवेदनशील नव्हे, हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीची आहे.

ही रुग्णालये खासगी संस्थांकडे सोपवावीत, निदान त्या नीट चालवतील, असे म्हणणाऱ्यांची संख्या मध्यमवर्गात मोठी आहे. त्यांना मरोळमधल्याच दुसऱ्या एका रुग्णालयाचे स्मरण करून देणे आवश्यक आहे. महापालिकेने आपली जमीन देऊन तेथे सेव्हन हिल्स हे भव्य रुग्णालय खासगी कंपनीकडून उभारून घेतले. २०१० मध्ये ते सुरू झाले. वीस टक्के खाटा महापालिकेच्या रुग्णांसाठी, असा करार होता. करारातील अटींवरून आणि थकबाकीवरून वाद झाले, कर्ज फिटेना, आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेले. म्हणजे एकाच वर्षी, एकाच उपनगरात, सरकारी पद्धतीने चालविलेले रुग्णालय जळाले आणि खासगी पद्धतीने चालविलेले बुडाले. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा त्या बुडालेल्या कंपनीच्या इमारतीत महापालिकेने स्वतःचे डॉक्टर आणि परिचारिका नेल्या आणि हजारो रुग्णांवर उपचार केले. इमारत तीच होती, खाटा त्याच होत्या. कालपर्यंत जे चालत नव्हते ते आज चालू लागले याचे कारण, जबाबदारी कोणाची याविषयी त्या महिन्यांत शंका उरली नव्हती.

मरोळ-मुलुंडच्या इमारतींबाबत पहिली गरज हीच आहे. महामंडळाने चालवावयाची तर सर्वस्वी महामंडळाने, राज्याने चालवावयाची तर पुरेशा निधीसह राज्याने. मात्र सात अष्टमांश आणि एक अष्टमांश यांच्या फटीतून रुग्ण खाली पडण्याचा प्रकार थांबला पाहिजे. त्याबरोबर वापरही बदलला पाहिजे, हे मान्य करण्यास हरकत नाही. कापूसधुळीचा वॉर्ड आता कोणी मागणार नाही. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या रखवालदाराचे पाय, दुचाकीवरून दिवसभर धडपडणाऱ्याची कंबर, रात्रपाळीने बिघडलेला रक्तदाब, उपाहारगृहातील भाजलेले हात आणि रस्त्यावरील अपघात हे आजच्या उपनगरी कामगाराचे आजार आहेत. सकाळी नऊ ते दुपारी एक हा बाह्यरुग्ण विभागाचा वेळ पाळीने सुटणाऱ्या कारखान्याला सोयीचा होता. जो एका दिवसाच्या रजेने रोज गमावतो त्याला तो निरुपयोगी आहे. रात्री आठ ते अकरा दवाखाना उघडा ठेवण्यासाठी नवी इमारत लागत नाही.

दुचाकीवरच्या कामगारालाही कायद्याने आता अर्धेमुर्धे पाहिले आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची प्रथमच व्याख्या झाली. त्यांना काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरावी, अशी तरतूद झाली. पाच वर्षे वाट पाहून २१ नोव्हेंबर २०२५ रोजी संहिता अमलात आली. निधी जमेल, त्याच्या योजना निघतील, ओळखपत्रे वाटली जातील. पण जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसात घसरून मांडीचे हाड मोडलेल्या मुलाला कोठे न्यावयाचे, हे ओळखपत्रावर छापलेले नसते. आज त्याला कूपरला किंवा जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात नेतात. तेथे जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात आणि त्याचा खर्च महापालिकेच्या करदात्याच्या माथी पडतो. विमा महामंडळाने न केलेला खर्च असा दुसऱ्याच्या वहीत चढतो, आणि महामंडळाच्या ताळेबंदात तो शिल्लक म्हणून दिसतो.